निजामभाई अत्तार आणि भामाबाईंचे तीन मग

लातूरला गोलाईच्या बाजारामागच्या एका बोळात निजामोद्दीन अत्तार यांचं सुकामेव्याचं दुकान होतं. दुकान एवढं अरुंद की निजामभाई आत बसले की लांबून ते बंद असल्यासारखं दिसायचं. जवळ गेलं की आधी पोट, मग चष्मा आणि त्यामागे बरण्यांची रांग, या क्रमानं दुकान उघडं असल्याची खात्री पटायची.

कुठल्या भांड्यात कुठली वस्तू किती वजनाची मावेल, हे निजामभाई नुसतं बघून सांगत. रिकामा डबा पुढं केला की ते तो हातात घेऊन एकदा फिरवणार आणि म्हणणार, "बेदाणा भरला तर अकराशे ग्रॅम. काजू भरला तर नऊशे. खारीक विचारू नका. खारीक शिस्तीत बसत न्हाई." नंतर तराजूवर पाहावं तर पाच-दहा ग्रॅमचाच फरक निघे, आणि तोही डब्याला पोचा आला म्हणून. एकदा एका लग्नात नवरदेवाचा फेटा बघून "साडेतीन पाव चारोळी" असं ते हळूच पुटपुटले होते. शेजारी मी बसलो होतो म्हणून कळलं.

त्यांची ही विद्या पंचवीस वर्षं कुणाच्या कामी आली नाही. लोक पावशेर मागत, पावशेर नेत. कामाला आली ती शहरात शिकवण्यांचं पीक आल्यावर. दहावी झालेलं पोर लातूरला ठेवायचं, आणि पोराबरोबर त्याची आईही भाड्याच्या खोलीत ठेवायची, असा रिवाज पडला. उदगीरच्या आया आल्या, देवणीच्या आल्या, थेट किनवटहूनही आल्या. पोरानं गणितं सोडवायची आणि आईनं त्याला बदाम खाऊ घालायचे, अशी कामाची वाटणी होती. या आयांकडं मासिकातून कापलेल्या पाककृती असत. त्यात लिहिलेलं असे, 'एक कप अक्रोड, अर्धा कप बेदाणे.' खोलीत मात्र एक कुकर, दोन ताटं आणि एक पेला.

"भाई, एक कप म्हंजे किती तोलू?" उदगीरची बाई विचारायची.

"कप कुणाचा, ताई? चहाचा का मासिकाचा?"

"आता मासिकाचा कप मी कुठनं आणू?"

"मग पेला आणा. घरातला, रोजचा."

बाई पेला आणायची. निजामभाई त्यात अक्रोड भरून तोलत, बेदाणे भरून तोलत, आणि मागे भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाकडं पाठवून पेल्याच्या बुडावर आकडे कोरून घेत: 'बेदाणा १६०, अक्रोड १००, खोबरं ८०.' लातुरातल्या कितीतरी भाड्याच्या खोल्यांत असे पेले होते. काठावर मामाचं नाव आणि बुडाला निजामभाईंचे ग्रॅम.

त्यांच्या पत्नी सालेहाभाभी यांना या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांच्या शीरखुर्म्याला मोहल्ल्यात तोड नव्हती, आणि त्यांनी आयुष्यात चमचासुद्धा मोजून टाकला नव्हता. "कायकू तोलते जी सारा दिन? चखके देखो की!" असं त्या म्हणत. निजामभाई म्हणत, "गिऱ्हाइकाच्या घरी चाखायला कोण जाईल? तुम्ही?" त्यावर भाभी म्हणत, "बुलाए तो जाऊंगी."

निजामभाई मापाच्या बाबतीत इतके काटेकोर झाले त्याचं कारण भूकंप.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात किल्लारीच्या बाजूची गावं पडली तेव्हा मदतीचे ट्रक देशभरातून आले. एका ट्रकात सुकामेवा होता. अर्ध्या पोत्यांत बेदाणा, अर्ध्यांत खारीक. पत्र्याच्या शेडमधल्या लोकांना तो वाटायचा कसा, हे कुणालाच कळेना, म्हणून लातूरहून निजामभाईंना जीपमध्ये घालून नेलं. तराजू कुणाकडं नव्हता. तिथं जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, मगांचा एक गठ्ठा आला होता, अर्ध्या लिटरचे, सगळे एका साच्यातले. निजामभाईंनी ठरवलं, घरटी एक मग. सरळ न्याय.

तासाभरात एक बाई मग घेऊन परत आली. पन्नाशीची, हाडं काटक, कपाळ मोकळं. तिनं मग निजामभाईंच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊ, पलीकडच्या रांगंला बेदाणा दिलाव. आमाला खारीक."

"दोघांनाबी एक एकच मग दिलाय, आक्का."

"मग एकच हाय. हातात धरून बगा की."

निजामभाईंनी धरून बघितलं. एका हातात बेदाण्याचा मग, एका हातात अख्ख्या खारकांचा. खारकांचा निम्म्याहून थोडा जास्त भरला, आणि त्यातही बिया. बाईचं म्हणणं ग्रॅमाग्रॅमानं खरं होतं. त्यांनी त्या रांगेला परत बोलावून आणखी अर्धा अर्धा मग दिला. ती बाई म्हणजे भामाबाई. घर पडलं होतं, घरात नवरा होता. बाकी तिनं काही सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शेडमधल्या सगळ्या खारका गोळा केल्या, दगडावर फोडल्या, कुटल्या, कुणाकडून गूळ, कुणाकडून तूप मागितलं, आणि चाळीस घरांना लाडू वळून दिले. निजामभाईंनी एक खाल्ला. ते म्हणायचे, "मी अत्तार. तीन पिढ्या खारीक विकतोय. खारीक काय असते ते मला त्या दिवशी कळलं."

मग पाच-सहा वर्षं गेली. गाव नवीन जागी बसलं. घरं पक्की, रस्ते रुंद. भामाबाई वर्षातून दोनदा बाजाराला लातूरला यायची आणि दुकानाच्या पायरीवर टेकायची. एकदा ती म्हणाली, "भाऊ, कुठंतरी रांधायचं काम बगा."

"का हो? घर हाय, रेशन हाय."

"घर हाय की. पर दारात हुबारून हाक मारली तर पलीकडच्या दारापातुर जात न्हाई. जुन्या गावात मी शिंकले तर चार घरातनं माणसं बोलायची. आता एकटीपुरतं रांधते. दोन भाकरीचं पीठ मळायलाबी हात वळंना. मला माणसांत घाला."

त्याच आठवड्यात सौदामिनीबाई दुकानात आल्या होत्या. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शिकवणीच्या मुलींचं एक खासगी वसतिगृह त्या चालवत, मुली एकशेवीस. सकाळी सहाच्या तासाला जाण्याआधी प्रत्येकीच्या पोटात एक खारकेचा लाडू गेला पाहिजे, असं त्यांनी पालकांना सांगून टाकलं होतं. लाडू करणारं मात्र कुणी नव्हतं. आधीच्या आचाऱ्याच्या सायकलच्या पिशवीत दोन किलो बेदाणे सापडले होते. त्याआधी तो रोज म्हणायचा, "मॅडम, माल कमी पडतोय." तेव्हापासून कोठीची किल्ली मॅडमच्या कमरेला आणि कोठीच्या दारात तराजू. कागदावर लिहिलेल्या ग्रॅमांपलीकडं एक मनुका बाहेर येत नसे.

निजामभाईंनी भामाबाईचं नाव सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "तीन रविवार बघू. लाडू जमले तर कायम. मागं खोली आहे, तिथं राहता येईल. पण मला प्रमाण ग्रॅममध्ये लिहून हवं. मूठ, चिमूट, अंदाज हे माझ्या कोठीत चालत नाही."

"ग्रॅमचं माझ्यावर सोडा," निजामभाई म्हणाले. मोठ्या उत्साहात म्हणाले.

भामाबाईला पायरीवर बसवून त्यांनी कृती विचारली.

"तीन मग खारकाची पूड. दोन मग खोबऱ्याचा कीस. एक मग बेदाणा. डिंक पाव किलो. गूळ सव्वा किलो, तूप तीन पाव."

"मग कुठला?"

"आपला जर्मनचा. तुमीच दिलेला."

त्या गठ्ठ्यातला एक मग निजामभाईंच्याच घरी होता. त्यांनी तो भरला, तोलला आणि चिठ्ठी केली. खारीक पूड सातशे पन्नास. खोबरं तीनशे तीस. बेदाणा तीनशे वीस. मॅडमनी चिठ्ठी वाचून मान डोलावली. असं स्वच्छ काम त्यांना प्रयोगशाळेतही क्वचितच बघायला मिळालं असेल.

पहिल्या रविवारी सकाळी भामाबाईनं लाडू वळले. वळले तेव्हा गोल होते, याला सगळं स्वयंपाकघर साक्षी आहे. दुपारी ते किंचित बसले. चार वाजता शेजारच्याच्या अंगावर रेलले. पाच वाजता मॅडमनी परातीतून एक लाडू उचलला, तर त्याच्याबरोबर सात जण वर आले.

"निजामभाई, याला मी लाडू म्हणून वाढू की शिरा म्हणून?"

मुलींनी तो चमच्यांनी खाल्ला. परात पुसून खाल्ली. पण मॅडमच्या दृष्टीनं ते यश नव्हतं.

"माल कमी पडला, मॅडम," भामाबाई म्हणाली.

हेच वाक्य आधीच्या आचाऱ्याचं होतं, हे बिचारीला माहीत नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत. नुसता कमरेच्या किल्लीला हात लावला. भामाबाईनंही तोंड मिटलं.

निजामभाईंना रात्रभर तो मग दिसत राहिला. मंगळवारी ते स्वतः एसटीनं भामाबाईच्या गावी गेले आणि तिचा मग मागून घेतला. तिथंच, बरोबर नेलेल्या छोट्या तराजूवर, पाणी भरून बघितलं. पाचशेचा पाचशे. पोचा नाही, काही नाही. मग त्यांना सुचलं.

"आक्का, मग भरता कसा? सपाट का शिगेला?"

"शीग लावल्याबिगर माप असतंय व्हय?"

निजामभाईंनी कपाळावर हात मारला. आपल्याकडं धान्य मापताना वर डोंगर करून मापतात, आणि ते स्वतः मात्र बोटानं काठ पुसून सपाट तोलत बसले होते. शीग लावून पुन्हा तोललं. मगामागं चाळीसेक ग्रॅम वाढले. नवी चिठ्ठी गेली.

दुसऱ्या रविवारी लाडू पाच वाजेपर्यंत उभे राहिले. मग बसले. सहाला रेलले.

मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "दर आठवड्याला माल वाढतोय, निजामभाई. दुकान तुमचं, चिठ्ठी तुमची, बाई तुमची. मी काय समजायचं?"

आता नुसत्या लाडवांचा प्रश्न राहिला नव्हता. निजामभाई घरी आले आणि जेवायला बसले नाहीत. ही गोष्ट त्यांच्या घरात ईदच्या चंद्रापेक्षा दुर्मीळ. सालेहाभाभींनी ताट झाकलं आणि विचारलं.

"मैं मग देखा, पानी भरके देखा, शीग देखा," निजामभाई म्हणाले. "हिसाब बराबर है. लाडू बैठ जाते."

"मग देखे, माल देखे. मापनेवाली को देखे क्या तुम?"

"उसको क्या देखना? तीन मग बोली वो."

"बोली. मापते हुए देखे क्या?"

पंचवीस वर्षांत निजामभाईंनी भांडी पाहिली होती, वस्तू पाहिल्या होत्या. मापणाऱ्याचा हात बघायला दुकानातून कधी उठलेच नव्हते.

तिसऱ्या रविवारच्या आधी, शनिवारी सकाळी, भामाबाईला भाभींच्या अंगणात चटईवर बसवलं. पुढं खारकेच्या पुडीची परात, पलीकडं रिकामं पातेलं. निजामभाई समोर, मांडीवर कागद. मी कडेला, कारण अशा वेळी मला कुणी उठ म्हणत नाही.

"मापा, आक्का. घरी मापता तसं."

भामाबाईनं पदर खोचला. परातीला हात लावून नमस्कार केला. पहिला मग शिगेला भरला, पातेल्यात ओतला आणि म्हणाली, "लाभ."

दुसरा ओतला. "एक."

तिसरा. "दोन."

चौथा. "तीन." आणि हात झटकून बसली. "झालं."

निजामभाईंची पेन्सिल कागदावर तशीच राहिली.

"आक्का, हे चार झाले."

"तीन झाले."

"लाभ, एक, दोन, तीन. चार मग पडले पातेल्यात!"

"लाभ कुठं मोजतेत, भाऊ?"

आता सांगायला हवं की पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची रीत आमच्याकडं घरोघर आहे. निजामभाईसुद्धा पहिल्या मापाला बरकत म्हणत. पण त्यांची बरकत हेच पहिलं माप. बरकत, दोन, तीन. सगळा बाजार तसाच मोजतो. भामाबाईच्या सासूच्या घरी मात्र लाभ वेगळा आणि एक वेगळा.

"अहो लाभ म्हंजेच एक की!"

"एक कसा? लाभ देवाचा. देवाचं मापून घेतेत व्हय?"

"मग देवाचा मग जातो कुठं?"

"लाडवात," भामाबाई म्हणाली. "देव काय खायला येतोय?"

सालेहाभाभी इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. निजामभाई हसले नाहीत. ते भराभर लिहीत होते. खारीक तीन नव्हे चार. खोबरं दोन नव्हे तीन. आणि बेदाणा, एक म्हणून सांगितलेला, पुरता दुप्पट. गूळ आणि तूप मात्र दुकानातून किलोनं आणायचं, तिथं लाभाला जागाच नाही. म्हणजे दोन रविवार गूळ-तूप पुरतं पडलं होतं आणि खारीक, खोबरं, बेदाणा प्रत्येकी एकेक मग कमी. लाडू बसणार नाही तर काय करणार?

कोडं सुटलं, पण निजामभाईंचा चेहरा काही सुटला नाही. "आता तिसरी चिठ्ठी," ते म्हणाले. "आणि ह्या वेळी बेदाणा डबल. मॅडम मला पोलिसात देतील."

"चिठ्ठी कायकू?" भाभी म्हणाल्या. "उनो खुद देखेंगे ना."

तसं केलं. त्याच दुपारी कोठीच्या दारात मॅडम खुर्चीवर, तराजू शेजारी, आणि भामाबाई पुन्हा परातीला नमस्कार करून बसली. निजामभाईंनी आधी काहीच सांगितलं नाही. लाभ, एक, दोन, तीन. मॅडमनी चष्मा पुसला.

"मावशी, पहिल्याला काय म्हणालात?"

"लाभ."

"तो धरला का?"

"न्हाई जी. धरत न्हाईत."

मॅडमनी पातेलं तराजूवर ठेवलं. आकडा वाचला. पहिल्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि बराच वेळ काही भागत-गुणत राहिल्या. निजामभाईंनी पोट आत घेतलं होतं, आणि ते त्यांना फार वेळ झेपत नसे.

"म्हणजे पहिल्या रविवारी माल कमी पडला म्हणालात, ते खरं होतं," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"व्हय."

"मग पुन्हा का नाही बोललात?"

"तुमी गप झालाव. म्हून मीबी गप झाले."

मॅडमनी कमरेची किल्ली काढली, कोठी उघडली आणि स्वतः बेदाण्याचं पोतं पुढं ओढलं. जाता जाता निजामभाईंना म्हणाल्या, "तुमच्यावर शंका घेतली, ते चुकलं."

"घ्यायलाच पायजे होती, मॅडम," निजामभाई श्वास सोडत म्हणाले. "चिठ्ठ्या चुकीच्याच होत्या."

तेव्हापासून निजामभाई गिऱ्हाइकाला भांड्याबरोबर एक प्रश्नही विचारू लागले: "मापणार कोण?" जमलं तर त्या बाईला समोर बसवूनच आकडे लिहीत. उदगीरच्या एका आजीनं पेला हलवून, ठोकून, दाबून बेदाणे भरले, तर एकशेसाठऐवजी एकशेनव्वद निघाले. निजामभाईंनी तिच्या पेल्यावर एकशेनव्वदच कोरायला सांगितले.

तिसऱ्या रविवारी लाडू वळले. दुपारी गोल होते. पाचला गोल होते. मॅडमनी सातला एक उचलला, एकटाच आला. फोडला, खाल्ला, दुसरा उचलला. मुलींच्यात थोडी नाराजी पसरली, कारण चमच्यानं खायची मजा गेली होती. पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"उद्यापासून कायम, मावशी," मॅडम म्हणाल्या. "खोली झाडून ठेवते. सकाळीच या."

भामाबाईनं हात धुतले, पदराला पुसले.

"उद्या न्हाई. परवा येते."

"आता काय राहिलं?"

"गावात सांगून येते. मी चालले म्हून."

सोमवारी दिवसभर ती दारोदार सांगत हिंडली. घरं लांब लांब असल्यानं संध्याकाळ झाली. प्रत्येक दारात तिला कुठं, किती मुली, काय रांधणार, हे विचारलं गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी तिनं टेकून, पाणी पिऊन, पहिल्यापासून सगळं सांगितलं. मंगळवारी पहाटेच्या एसटीला तिला सोडायला अर्धं गाव त्या रुंद रस्त्यावर आलं होतं, आणि कंडक्टरला वाटलं, सगळेच चढणार.